पेढे जरा घाईत वाटले

१९ डिसेंबर २०१९. सकाळचे सव्वासात. दुधाची पिशवी अजून दाराच्या कडीलाच लटकत होती, तेवढ्यात बेल वाजली. दारात तिसऱ्या मजल्यावरचे काका. कानाला मफलर, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. पुडा नातीच्या साखरपुड्यातला उरलेला, पण निमित्त ताजं.

"गेला!" काका म्हणाले.

सकाळी सातला कुणी दारात येऊन 'गेला' म्हटलं की माणूस आधी चपला शोधतो. मी विचारलं, "कोण?"

"अरे ट्रम्प! महाभियोग मंजूर! घे, तोंड गोड कर."

पेढा तोंडात गेला की समोरच्याला वाद घालता येत नाही, हे काका हिशेबखात्यातल्या नोकरीत शिकलेले आहेत. मी चघळतोय तोवर त्यांनी पुढची नेमणूकही करून टाकली. "आता हिलरीबाई बसतील, नाही का?"

पेढा गिळून मी म्हटलं, "काका, गेले नाहीत ते. होते तिथेच आहेत."

अगदी काटेकोर बोलायचं तर त्या क्षणी ते मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक गावी होते आणि भर सभेत भाषण ठोकत होते. तिकडे वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधीगृहात मतं मोजली जात होती. सत्तेचा गैरवापर केल्याचा आरोप, २३० विरुद्ध १९७. संसदेच्या कामात अडथळा आणल्याचा आरोप, २२९ विरुद्ध १९८. सभापती नॅन्सी पेलोसी काळ्या पोशाखात आल्या होत्या. पहिला निकाल वाचताच त्यांच्याच पक्षाच्या बाकांवरून आनंदाचा आवाज उठला, तशी बाईंनी हात जरासा हलवला आणि डोळे असे वटारले की बाकं चिडीचूप. म्हणजे ज्यांनी महाभियोग आणला त्यांनी टाळीसुद्धा वाजू दिली नाही. पेढे वाटले ते आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याने.

शिवाय पत्त्यांत ट्रम्प म्हणजे हुकूम. हुकमाचं पान असं पहिल्याच हाताला जात नसतं, हे निदान ब्रिज खेळणाऱ्या काकांना तरी कळायला हवं होतं.

पण काकांना कशाला बोल लावायचा? गुन्हेगार दोन शब्द आहेत. पहिला 'महाभियोग'. अभियोग म्हणजे आरोप ठेवून चालवलेला खटला. सरकारी वकिलाला कायद्याच्या मराठीत अभियोक्ता म्हणतात, आणि अभियोक्ता उभा राहिला म्हणून कुणी आरोपीच्या घरच्यांना भेटायला जात नाही. पण त्याच अभियोगाला 'महा' चिकटला की तो महापूर, महाप्रलय, महानिर्वाण यांच्या रांगेत जाऊन बसतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आता उरलं काय?

दुसरा गुन्हेगार 'मंजूर'. मराठी माणसाच्या आयुष्यात मंजूर म्हणजे काम फत्ते. कर्ज मंजूर, रजा मंजूर, नकाशा मंजूर. त्यामुळे 'महाभियोग मंजूर' असं पहिल्या पानावर आठ कॉलमी छापलं की वाचणारा बिचारा खुर्ची रिकामी झाली असं समजतो. तिकडे झालेलं असतं एवढंच की आरोपपत्र तयार होऊन वरच्या सभागृहाकडे जायला मोकळं झालं. आरोपपत्र दाखल झालं म्हणजे शिक्षा झाली, असं कुठलाही शहाणा माणूस म्हणत नाही. संध्याकाळच्या वाहिन्या म्हणतात, ते सोडा.

अमेरिकेतला हिशेब तसा सोपा आहे. प्रतिनिधीगृह साध्या बहुमताने आरोप ठेवतं, त्यालाच महाभियोग म्हणायचं. मग सिनेट खटला ऐकते. दोषी ठरवायचं तर हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. शंभरच्या शंभर हजर असले तर ६७. आजवर तीन अध्यक्षांवर मिळून चार वेळा महाभियोग झाला. अँड्र्यू जॉन्सन १८६८, बिल क्लिंटन १९९८, आणि डोनाल्ड ट्रम्प दोनदा, २०१९ आणि २०२१. पेढ्यांचे चार पुडे. पैकी पदावरून गेले किती? शून्य.

क्लिंटनसाहेबांची गंमत तर विचारूच नका. १९ डिसेंबर १९९८ रोजी प्रतिनिधीगृहाने त्यांच्यावर दोन आरोप ठेवले, शपथेवर खोटं बोलल्याचा आणि न्यायात अडथळा आणल्याचा. लगोलग गॅलप संस्थेने जनमत चाचणी घेतली, तर त्यांच्या कारभारावर खूश असणारे निघाले ७३ टक्के. सबंध कारकिर्दीतला सर्वांत वरचा आकडा. उलट विरोधी पक्षाचे नियोजित सभापती बॉब लिव्हिंगस्टन यांनी त्याच दिवशी भर सभागृहात पद नाकारत असल्याचं जाहीर केलं, कारण त्यांचं स्वतःचं लफडं बाहेर आलं होतं. महाभियोग एकावर, खुर्ची गेली दुसऱ्याची. पुढे १२ फेब्रुवारी १९९९ ला सिनेटने क्लिंटनना दोन्ही आरोपांतून सोडलं. दुसऱ्या आरोपावर मतं पडली ५० विरुद्ध ५०. निम्मी सिनेट दोषी म्हणते आहे आणि गडी आपला कार्यालयात.

आता ही तारीख लक्षात ठेवा. कारण दोनच महिन्यांनी, १७ एप्रिल १९९९ ला, दिल्लीत लोकसभेत मतदान झालं. २६९ विरुद्ध २७०. अटलबिहारी वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं. वाजपेयींवर आरोप कोणता होता? कोणताही नाही. साक्षीपुरावे? छे. विश्वासदर्शक ठराव होता, आकडा कमी पडला, सरकार गेलं. आणि १८६८ साली अमेरिकेत अँड्र्यू जॉन्सनच्या खटल्यात ५४ सिनेटरांपैकी ३५ जणांनी त्याला दोषी म्हटलं, हवे होते ३६. तिथेही एकच मत कमी पडलं, पण आरोप करणाऱ्यांना. जॉन्सन वाचला.

आमच्या काकांचं, आणि तुमचं माझंही, डोकं या विश्वास-अविश्वासावर पोसलेलं आहे. सरपंचावर अविश्वास आला की सदस्यांना गाडीत घालून 'देवदर्शनाला' नेतात, फोन बंद करून ठेवायला लावतात, मतदानाच्या सकाळी कचेरीच्या दारात आणून उतरवतात. हात वर झाले की संध्याकाळी गुलाल. ठराव झाला म्हणजे माणूस गेला, हे आपल्याला गावापासून दिल्लीपर्यंत ठाऊक असलेलं गणित. तेच गणित आपण अमेरिकेला लावतो आणि मग दर वेळी उत्तर चुकलं म्हणून अमेरिकेवर वैतागतो. तिथल्या अध्यक्षावर संसदेचा विश्वास असावा लागतच नाही. तो लोकांच्या मतांवर ठरावीक चार वर्षांसाठी बसतो. संसदेला तो आवडत नसेल तर संसदेने डोळे मिटून घ्यावेत. काढायचंच असेल तर आरोप ठेवा, खटला चालवा, दोन तृतीयांश जमवा.

"मग निक्सन?" काकांनी त्या सकाळी आणखी एक पान टाकलं.

हे पान सगळेच टाकतात. रिचर्ड निक्सन महाभियोगाने गेले, हा जगातला बहुधा सर्वांत लाडका गैरसमज. जुलै १९७४ मध्ये प्रतिनिधीगृहाच्या समितीने तीन आरोप मंजूर केले होते, नुसत्या समितीने. पूर्ण सभागृहात मतदान व्हायच्या आतच निक्सननी राजीनामा दिला आणि ९ ऑगस्टला हेलिकॉप्टरमध्ये बसून ते निघून गेले. लग्न ठरलं, मांडव पडला, नवरदेव पळाला. अशा माणसाला कुणी घटस्फोटित म्हणत नाही.

पण थांबा. निक्सन नावाच्या माणसावर महाभियोग झालेला आहे आणि त्याला काढूनही टाकलेलं आहे. फक्त तो हा निक्सन नव्हे. मिसिसिपीतले संघीय न्यायाधीश वॉल्टर निक्सन. हे गृहस्थ १९८६ साली शपथेवर खोटं बोलल्याबद्दल फौजदारी न्यायालयात दोषी ठरले, तुरुंगात गेले, पण राजीनामा काही दिला नाही. संघीय न्यायाधीशाची नेमणूक असते तहहयात. त्यामुळे साहेब कोठडीत आणि न्यायाधीशाचा पगार चालू. अखेर नोव्हेंबर १९८९ मध्ये सिनेटने दोषी ठरवलं तेव्हा कुठे पगार थांबला. म्हणजे न्यायालयात दोषी ठरणं वेगळं आणि पदावरून जाणं वेगळं.

आता याच्या बरोबर उलट नमुना बघा. फ्लोरिडाचे संघीय न्यायाधीश ॲल्सी हेस्टिंग्ज. लाच उकळण्याच्या कटाचा आरोप होता. १९८३ साली ज्युरीने निर्दोष सोडलं. झालं की नाही? नाही झालं. १९८८ साली प्रतिनिधीगृहाने ४१३ विरुद्ध ३ अशा मतांनी महाभियोग आणला आणि १९८९ च्या ऑक्टोबरात सिनेटने काढून टाकलं. निक्सनच्या काही दिवस आधीच. तुरुंगात गेलेला न्यायाधीश पगार खात होता आणि निर्दोष सुटलेला न्यायाधीश घरी गेला.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, चला, निदान हेस्टिंग्जसाहेबांचं सार्वजनिक आयुष्य तरी संपलं. १९९२ साली ते निवडणुकीला उभे राहिले. कशासाठी? ज्या प्रतिनिधीगृहाने त्यांना ४१३ मतांनी आरोपी केलं होतं त्याच्याच सदस्यत्वासाठी. निवडून आले. २०२१ साली निधन होईपर्यंत तिथेच बसले. क्लिंटनवरच्या महाभियोगाला त्यांनी विरोध केला, ट्रम्पवरच्या महाभियोगाला पाठिंबा दिला. या विषयावर अनुभवाचे बोल ऐकवायचा त्यांच्याइतका अधिकार त्या सभागृहात कुणाचा असणार?

हे कसं जमलं? कारण काढून टाकणं हा एक ठराव आणि पुन्हा पद घेऊ न देणं हा दुसरा. दोषी ठरवल्यानंतर सिनेट वेगळं मतदान घेऊन पुढची दारं बंद करू शकते आणि त्याला साधं बहुमत पुरतं. हेस्टिंग्जच्या वेळी ते मतदान घेतलंच नाही. 'महाभियोग झाला म्हणजे आता जन्मात निवडणूक नाही' असं सांगणाऱ्यांनी हे एक नाव खिशात ठेवावं.

हिलरीबाईंचं राहिलं. अध्यक्ष गेला तर उपाध्यक्ष बसतो, हरलेला उमेदवार नव्हे. एखाद्या खेळाडूला पंचांनी बाहेर काढलं म्हणून गेल्या वर्षीच्या उपविजेत्याला चषक देत नाहीत. १८६८ साली मात्र एक मजेशीर पेच होता. लिंकनच्या खुनानंतर उपाध्यक्षाचा अध्यक्ष झालेल्या जॉन्सनला उपाध्यक्षच नव्हता. तो गेला असता तर सिनेटचे हंगामी सभापती बेंजामिन वेड अध्यक्ष होणार होते. हे वेडसाहेब स्वतः सिनेटर म्हणून त्याच खटल्यात न्याय द्यायला बसले होते, आणि त्यांनी 'दोषी' असं मत दिलं. मंत्रिमंडळात कुणाला घ्यायचं याची त्यांनी चाचपणी सुरू केल्याची कुजबुजही होती. ज्याच्या डोळ्यांसमोर खुर्ची, त्याच्याच हातात तराजू. वेड हे आडनाव मराठीत असं वाचायला मिळालं की आमच्यासारख्या कोटीबाजांना राहवत नाही, पण राहू दे.

ही सिनेटची 'कोर्ट' म्हणून चालणारी बैठक बघण्यासारखी असते. जानेवारी २०२० मध्ये ट्रम्पवरचा खटला सुरू झाला तेव्हा शंभर सिनेटरांना आपापल्या जागी गप्प बसायची सक्त ताकीद होती. बोललात तर कैद, अशी दवंडी रोज पिटली जाते. मोबाईल बाहेर ठेवायचे. खाणंपिणं बंद. पाणी चालतं आणि जुन्या रिवाजाप्रमाणे दूध चालतं. तर जगातल्या सर्वांत बलाढ्य विधिमंडळातले काही सदस्य तासन्‌तास समोर दुधाचा ग्लास ठेवून बसलेले, आणि एका सिनेटराने आपल्या सहकाऱ्यांना हाताला चाळा म्हणून फिरवायच्या भिंगऱ्या वाटलेल्या. दूध, भिंगरी, तोंडावर बोट. बालवाडीत आणखी काय असतं?

अध्यक्षावर खटला असला की वर सरन्यायाधीश बसलेले असतात, त्यामुळे बघणाऱ्याला हे खरंच न्यायालय आहे असं वाटतं. पण सरन्यायाधीशाचा निर्णय सिनेट साध्या बहुमताने फिरवू शकते. क्लिंटनच्या खटल्यात विल्यम रेनक्विस्ट बसले होते. त्यांच्या काळ्या झग्याच्या बाह्यांवर चार चार सोनेरी पट्टे होते. ही कायद्याने दिलेली बिरुदं नव्हेत. एका विनोदी संगीत नाटकातल्या न्यायमूर्तीचा पोशाख त्यांना आवडला म्हणून त्यांनी हौसेने शिवून घेतले होते. आपल्या भूमिकेबद्दल साहेबांचा गैरसमज नव्हता, असं मी तरी मानतो.

५ फेब्रुवारी २०२० ला ट्रम्प सुटले. काका दोन आठवडे जिन्यात भेटले नाहीत.

जानेवारी २०२१ मध्ये पुन्हा बेल वाजली. या वेळी पुडा नव्हता. कॅपिटॉलवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, जमाव चालून गेला होता, आणि १३ तारखेला २३२ विरुद्ध १९७ मतांनी महाभियोग झाला होता. "अरे, पण वीस तारखेला तर ते असेही उतरणार. जाणाऱ्या पाहुण्याला ऊठ कशाला म्हणायचं?" काकांचा प्रश्न बिनतोड होता. उत्तर तेच, हेस्टिंग्जच्या बाबतीत राहून गेलेलं दुसरं मतदान. पाहुण्याला घालवायचं नव्हतं, परत येऊ द्यायचं नव्हतं. पण त्यासाठी आधी दोषी ठरवावं लागतं. १३ फेब्रुवारीला मतं पडली ५७ विरुद्ध ४३. दहा कमी. दार उघडंच राहिलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पाहुणे पुन्हा निवडून आले, बॅगांसकट. तेव्हा काका तणतणत जिना चढून आले होते. "दोन दोन वेळा काढलेला माणूस परत येतोच कसा?"

"काढला नव्हता काका. दोनदा आरोप ठेवला होता."

"तुझं आपलं तेच!"

पेढे वाटण्यासारखी स्थिती असते ती दक्षिण कोरियात, तीही अर्धवट. तिथे ३०० पैकी २०० खासदारांनी मत दिलं की अध्यक्षाचे अधिकार त्याच दिवशी गोठतात, अंतिम निकाल घटना न्यायालय देतं. २००४ साली रोह मू-ह्यून दोन महिने घरी बसून न्यायालयाच्या निकालाने परत आले. २०१७ साली पार्क ग्युन-हे गेल्या. निकालाच्या सकाळी हंगामी मुख्य न्यायाधीश बाई गाडीतून उतरल्या तेव्हा डोक्याला मागे केस कुरळे करायची दोन गुलाबी रिळं तशीच अडकलेली होती. घाईत काढायची राहिली. देशाच्या अध्यक्षाला घरी पाठवायचं आणि रिळं काढायलाही विसरायचं नाही, दोन्ही एकाच सकाळी कसं जमावं? २०२५ च्या एप्रिलमध्ये यून सुक-योलही त्याच वाटेने गेले. पण हे सोलचं झालं. वॉशिंग्टनचा महाभियोग झाल्यावर अध्यक्षाची एक सहीसुद्धा अडत नाही.

गेल्या रविवारी काका परत आले. हातात घडी घातलेला कागद. आमच्या सोसायटीची पाण्याची टाकी पावसाळ्यापासून गळते आहे, चेअरमन ऐकत नाहीत, तेव्हा काकांनी अकरा सह्या गोळा केल्या होत्या. कागदावर सुवाच्य अक्षरात मथळा: 'मा. चेअरमन यांच्यावर महाभियोग'.

"काका, आपल्याकडे हा शब्द फक्त राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलाय."

"काहीतरीच. न्यायाधीशांवर आणतात की!"

पेपरांत आणतात. घटनेत न्यायाधीशांना 'पदावरून दूर' करतात. महाभियोग हा शब्द अनुच्छेद ६१ मध्ये आहे आणि तो राष्ट्रपतींपुरता. उपराष्ट्रपतींनाही नाही, त्यांना राज्यसभेच्या ठरावाने आणि लोकसभेच्या संमतीने हटवता येतं. राष्ट्रपतींवर आरोप एकच ठेवता येतो, घटनेचा भंग. कोणत्याही सभागृहाच्या किमान एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची नोटीस, मग एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतांनी आरोप, मग दुसऱ्या सभागृहात चौकशी, मग तिथेही तेवढीच मतं. यातला 'एकूण' हा शब्द खरा खवचट आहे. अमेरिकेत हजर असलेल्यांचं गणित, आपल्याकडे गैरहजर असलेल्यांचंही. लोकसभेच्या ५४३ मध्ये ३६२ हात वर व्हायला हवेत. कुणी त्या दिवशी मतदारसंघात लग्नाला गेला तर तो राष्ट्रपतींच्या बाजूने धरला जातो. राष्ट्रपती निवडताना आमदारांची मतं चालतात, हटवताना त्यांना कुणी विचारत नाही. नामनियुक्त खासदारांना निवडताना मत नाही, हटवताना आहे. हा प्रयोग आजवर एकदाही झालेला नाही, त्यामुळे यातल्या गैरसमजांनाही अजून संधी मिळालेली नाही.

न्यायाधीशांचा मात्र एक प्रयोग मे १९९३ मध्ये लोकसभेत रंगला होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांना हटवण्याचा ठराव. अध्यक्षपदी आपले लातूरचे शिवराज पाटील, आणि न्यायाधीशांच्या वतीने सभागृहात बाजू मांडायला कपिल सिब्बल. ठरावाच्या बाजूने १९६ मतं. विरोधात किती? एकही नाही. तरी ठराव पडला, कारण काँग्रेस आणि मित्रपक्षांचे २०५ खासदार जागेवर बसून तटस्थ राहिले आणि लागणारा आकडा गाठला गेला नाही. विरोधात शून्य मतं पडून हरलेला हा सामना क्रिकेटवाल्यांनीही बघितलेला नसेल.

"पण आपल्या लोकांचा या महाभियोगाशी संबंध काय?" काका चिडले होते. टाकी गळत होती आणि मी अनुच्छेद सांगत होतो.

संबंध आहे, आणि तो शाळेतल्या इतिहासात आहे. सालबाईचा तह, १७८२. पलीकडच्या बाजूला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज. हो, पुन्हा हेस्टिंग्जच. या विषयात आडनावांचा तुटवडा आहे. हे वॉरनसाहेब १७८५ मध्ये इंग्लंडला परतले, आणि मे १७८७ मध्ये तिथल्या कॉमन्स सभागृहाने त्यांच्यावर महाभियोग आणला. पुढे होता एडमंड बर्क. त्याने मांडलेल्या मूळ २२ आरोपांत अवधच्या बेगमांची लूट होती, बनारसच्या चेतसिंगावरचा जुलूम होता आणि मराठ्यांशी केलेलं युद्ध व तह हाही एक आरोप होता. म्हणजे नाना फडणवीस आणि महादजी शिंदे यांनी इंग्रजांना जो घाम फोडला, त्याचा हिशेब लंडनमध्ये वॉरनसाहेबांकडे मागितला जात होता.

नेमक्या त्याच वर्षी, १७८७ च्या ८ सप्टेंबरला, फिलाडेल्फियात अमेरिकेची घटना लिहायला बसलेल्या मंडळींत जॉर्ज मेसन नावाचा सदस्य उठला. देशद्रोह आणि लाच एवढीच दोन कारणं ठेवली तर वॉरन हेस्टिंग्जसारखा माणूस निसटेल, अशी त्याची तक्रार होती. त्याने 'गैरकारभार' हा शब्द सुचवला. जेम्स मॅडिसन म्हणाला, शब्द इतका सैल आहे की सिनेटची मर्जी असेपर्यंतच अध्यक्ष टिकेल. तेव्हा मेसनने तो मागे घेऊन इंग्लंडच्या संसदेतला जुना शब्दप्रयोग घातला, मोठे अपराध आणि गैरवर्तणूक. सैल शब्द काढला आणि त्याहून सैल घातला, असं माझं नम्र मत. या 'मोठे'चा अर्थ अजून भांडणात आहे. जेराल्ड फोर्ड खासदार असताना १९७० साली म्हणाले होते की महाभियोगाजोगा गुन्हा म्हणजे त्या घडीला प्रतिनिधीगृहाच्या बहुमताला जो वाटेल तो. चार वर्षांनी हेच फोर्ड निक्सनच्या जागी अध्यक्ष झाले आणि निक्सनना माफी देऊन मोकळे झाले. तारीख ८ सप्टेंबर. मेसनच्या भाषणाचीच.

तर, आपल्या कारभाराने बंगालपासून पुण्यापर्यंत मनस्ताप देणाऱ्या एका माणसाच्या धास्तीने अमेरिकेच्या घटनेत ती ओळ आली. तीवरून २०२१ साली वाद पेटला की पद सोडलेल्या माणसावर खटला चालतो का? वॉरनसाहेब तर कलकत्ता सोडून दोन वर्षं झाल्यावर सापडले होते.

"सापडले ना? मग शिक्षा काय झाली?" काकांनी खुर्ची पुढे ओढली. आता त्यांना विषयात रस आला होता.

"फेब्रुवारी १७८८ मध्ये खटला उभा राहिला. पहिल्या दिवसांत सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. मग गर्दी ओसरली. न्याय द्यायला बसलेले कितीतरी लॉर्ड मधल्या मधे वारले. एप्रिल १७९५ मध्ये निकाल लागला."

"सात वर्षं!"

"सात वर्षं. निर्दोष सुटला."

"आणि वकिलांचा खर्च?"

"सुमारे सत्तर हजार पौंड."

"कोणी दिला?"

"त्यानेच. जवळपास कफल्लक झाला."

काका जरा वेळ गप्प बसले. हिशेबखात्यातला माणूस आकड्यापाशी थांबतोच. "आणि ज्यांनी खटला चालवला, त्यांना टाकीचं... म्हणजे बेगमांचं काय मिळालं?"

"काही नाही."

काकांनी खिशातून चष्मा काढला. कागद उघडून अकरा सह्या वरपासून खालपर्यंत एकदा बोटाने मोजल्या. मथळ्यातला 'महाभियोग' खोडून वर 'अर्ज' असं लिहिलं, आणि माझं पेन मला परत न देता जिना उतरून ते चेअरमनच्या घराकडे गेले.